तांदळाच्या डब्यामागची पिशवी

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. माहेर कोल्हापूर जिल्ह्यात घाटावर, लग्न होऊन गोव्यात आल्याला १२ वर्षे झाली. सासर मांडवीतल्या एका बेटावर, नोकरी नदीपलीकडे एका दुकानात हिशेब लिहिण्याची. संध्याकाळी परतताना फेरीबोटीवर त्यांना गेली दोन वर्षे एक तरुणी भेटते. ती झारखंडची आहे आणि बेटावरच्या एका मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंची देखभाल करते. औषधे आणि बाजार आणायला ती आठवड्यातून चारेक वेळा नदी ओलांडते. दोघी एकाच कठड्याला टेकून उभ्या राहतात. पत्रलेखिका धक्क्यावर पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेली पोय (गोव्यातला गोल पाव) मोडून अर्धी तिला देतात. ती कधी पेरू पुढे करते, कधी पावसात छत्री दोघींवर धरते. एकमेकींची नावे दोघींनीही विचारलेली नाहीत. तीन महिन्यांपूर्वी तिने एक कापडी पिशवी यांच्या हातात दिली आणि "रख लो दीदी" एवढेच म्हटले. यांनी ती स्वयंपाकघरात उकड्या तांदळाच्या डब्यामागे ठेवली. एके दुपारी न राहवून उघडली, तेव्हा आत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, गावाकडच्या बँकेचे पासबुक, चांदीची पैंजणे आणि २३,००० रुपये रोख निघाले. घरात कोणाला काही सांगितलेले नाही. गेल्या आठवड्यात फेरीवरून उतरताना ती म्हणाली, "चौथ के बाद," आणि निघून गेली. पत्रलेखिका विचारतात: ही मैत्री आहे की माझ्या मनाचे खेळ? तिला विचारावे की गप्प राहावे? पतीला सांगावे का? "तिला सुटका हवी आहे हे मला न सांगता कळते, कारण मलाही तीच हवी आहे. आम्ही दोघीही इथे भायल्या (बाहेरच्या). ती गेली तर माझे काय?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

प्रिय ताई,

तुमच्या पत्राच्या साडेचार पानांपैकी तीन पाने "चौथ के बाद" या तीन शब्दांचा अर्थ लावण्यात खर्च झाली आहेत. ती नोकरी सोडणार असावी, तिचे गावी लग्न ठरले असावे, बाईंचा मुलगा परदेशातून येऊन तिला काढून टाकणार असावा, ती कोणाला न सांगता निघून जाणार असावी, असे तर्क तुम्ही एकामागून एक मांडले आहेत आणि प्रत्येक तर्क पुढच्याच ओळीत स्वतः खोडूनही काढला आहे. एक साधी शक्यता मात्र तुमच्या यादीत नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आसपास गोव्यात कोणतेही काम पुढे सरकत नाही आणि सुतारापासून सरकारी कारकुनापर्यंत सगळेच "चवथ होऊ दे" म्हणतात. ती मुलगी दोन वर्षे इथे राहिली आहे, तेव्हा हा शब्दप्रयोग तिनेही उचलला असेल. कदाचित ती फक्त पिशवी परत नेण्याविषयी बोलत असेल. कदाचित तुमचा सर्वांत वाईट तर्कही खरा असेल. हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. ज्या व्यक्तीला ठाऊक आहे ती आठवड्यातून चार संध्याकाळी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आडवळणाने देणार नाही. ही मैत्री आहे. दोन वर्षे एकच पोय दोघींत मोडली जाते, आणि तुम्ही लिहिले आहे तसे मोठा तुकडा कोणाकडे जातो यावरून रोज न बोलता हुज्जत होते, यापेक्षा वेगळा पुरावा मी मागणार नाही.

तुमचा एक समज मात्र मला तपासून पाहावासा वाटतो. तुम्ही लिहिता की भाषा नसल्यामुळे तुम्ही बोलू शकला नाहीत. तुमच्या दुकानात घाऊक माल घेऊन येणाऱ्यांशी तुम्ही हिंदीतच बोलता, आणि "रख लो दीदी" म्हणणाऱ्या मुलीलाही हिंदी येते. एकमेकींचे नाव विचारण्यापुरती ती दोघींनाही पुरली असती. तुम्ही विचारले नाही याचे कारण तुमच्याच पत्रात दुसऱ्या ठिकाणी सापडते. घरात पाऊल टाकताच सासूबाई "आज उशीर?" म्हणतात, जाऊबाई पिशवीत काय आणले ते पाहतात, फोन वाजला की पती कोणाचा म्हणून विचारतात. यात कोणाचा दुष्टपणा असेल असे मला वाटत नाही, भरल्या घरात असेच असते. पण सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही उत्तरे देत असता. त्या मुलीला तर रात्रीही हाक येत असणार, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल घड्याळ पाहून होत नाही. तुम्हा दोघींच्या दिवसात कोणीही काहीही न विचारणारी दहा मिनिटे एवढीच आहेत, आणि ती तुम्ही एकमेकींना दिली आहेत. हे न बोलणे अडचणीतून आलेले नाही, ते तुम्ही दोघींनी समजून-उमजून पाळले आहे, आणि म्हणूनच ते मोडण्याची तुम्हाला भीती वाटते. ती भीती मी खोटी म्हणत नाही.

पण ज्या संध्याकाळी पिशवी तुमच्या हातात आली, त्या संध्याकाळी या नात्यात आणखी एक गोष्ट शिरली. मैत्री न बोलता चालते; ठेव न बोलता चालत नाही.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या लहानपणी आम्ही फोंड्याजवळ भाड्याच्या घरात राहत होतो. शेजारच्या एक काकू, वैधव्य आलेल्या आणि मुलांच्या संसारात राहणाऱ्या, एक दिवस बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या आईकडे ठेवून गेल्या. झाकणावरून सुतळी दोनदा फिरवून गाठ मारलेली होती. आईने तो कपाटावर ठेवला. चार वर्षे तो तिथेच होता. दर दिवाळीला आई तो उतरवून पुसत असे आणि पुन्हा जागेवर ठेवत असे. काकू आमच्याकडे आल्या की एकदा कपाटावर नजर टाकत आणि मग चहाचा कप हातात घेत. त्या डब्याविषयी चकार शब्द दोघींपैकी कोणी काढला नाही. मग एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. तेराव्यानंतर आईने डबा त्यांच्या मुलांच्या स्वाधीन केला, कारण आणखी कोणाला द्यावा हे तिला माहीत नव्हते. महिन्याभराने काकूंच्या माहेरची एक भाची आमच्या दारात उभी राहिली. तिला शिकायचे होते आणि "आत्याने तुमच्याकडे ठेवले आहे" असे तिला सांगण्यात आले होते. आईने तिला पाणी दिले, लाडू दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवले. पुढे कितीतरी वर्षे ही गोष्ट सांगताना आई एकाच ठिकाणी थांबत असे: "कोणाला द्यायचा, एवढे तरी विचारायला हवे होते." तिने विचारले नव्हते ते भिडेपोटी. असे विचारणे म्हणजे समोरच्याच्या मरणाचे नाव काढणे, असे तिला वाटले होते.

तेव्हा ताई, तुम्ही विचारा, पण थोडेच विचारा. ती कोठे जाणार, का जाणार, त्या घरात तिला कसे वागवतात, हे प्रश्न तुमच्या जिभेवर आहेत हे मला कळते. ते तिथेच राहू द्या. ज्या मुलीने दोन वर्षांत तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, तिच्यावर एकदम दहा प्रश्नांचा मारा झाला तर तिला फेरीबोटीवरही मालकीण भेटल्यासारखे वाटेल. तुम्हाला तीनच गोष्टी कळायला हव्यात: तिचे पूर्ण नाव, ठेव कधी परत द्यायची, आणि काही कारणाने ती स्वतः येऊ शकली नाही तर कोणाच्या हाती द्यायची. प्रथम आपले नाव सांगा, म्हणजे तिचे नाव विचारणे चौकशीसारखे वाटणार नाही. हे बोलणे कठड्याशी नको, कारण रोजच्या फेरीवर रोजचीच माणसे असतात आणि स्कूटरवर बसून राहिलेल्यांचे कान मोकळेच असतात; सगळे उतरून गेल्यावर धक्क्याच्या चढणीवर दोन मिनिटे पुरतील.

त्याच वेळी तुम्ही पिशवी उघडून पाहिली हेही सांगून टाका. या गोष्टीची तुम्हाला फार टोचणी लागली आहे आणि पत्रात तीन ठिकाणी तुम्ही स्वतःला चोर म्हटले आहे. तुम्ही चोर नाही, पण जे पाहिले ते न पाहिल्यासारखे वागत राहिलात तर पुढे तिच्याशी बोललेल्या प्रत्येक वाक्याला त्याचा वास येईल. एक वाक्य पुरे आहे. ती रागावली तर रागावू द्या, तो तिचा हक्क आहे. आणि मग तिच्यासमोर रक्कम मोजा, वस्तूंची यादी दोन कागदांवर लिहा, तारीख घाला, एक कागद तिच्याकडे आणि एक पिशवीत. तुम्ही हिशेब लिहिणाऱ्या बाई आहात. हे काम तुम्हाला मी शिकवायला नको.

हा कागद तुम्हाला फार कोरडा वाटेल. पण घरात राहून काम करणारी बाई नोकरी सोडून गेली आणि त्यानंतर घरात एखादी अंगठी सापडेनाशी झाली, तर पहिले नाव कोणाचे घेतले जाते हे आपण सगळे जाणतो. अंगठी पुढे गादीखाली सापडतेही, पण तोवर पोलिसांना कळवून झालेले असते. अशा वेळी त्या मुलीचे पैसे आणि दागिना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, डब्यामागे दडवलेले निघाले, तर तिचे खरे कष्टाचे पैसेही संशयाचे होतील आणि तुमच्या घराचा उंबरठाही त्यात येईल. तुम्ही तिला आसरा देत आहात असे तुम्हाला वाटते. लपवून ठेवण्यामुळे तिची बाजू लंगडी पडते, हे मला अधिक खरे वाटते.

आता त्या पासबुकाविषयी. खाते आहे आणि तरीही ती पैसे रोख ठेवते, ही गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. मी तर्क करतो आहे हे मान्य करून सांगतो: गावी उघडलेल्या खात्याला बऱ्याचदा वडिलांचा किंवा भावाचा मोबाइल जोडलेला असतो, एटीएमचे कार्ड त्यांच्याच खिशात असते आणि खात्यात पैसे पडल्याचा संदेश मुलीच्या आधी त्यांना जातो. असे असेल तर उपाय तुम्ही वाटता त्यापेक्षा जवळ आहे. तिला इथेच, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नवे खाते उघडता येते. जनधन किंवा मूलभूत बचत खात्याला किमान शिल्लक लागत नाही, टपाल कार्यालयाचे बचत खाते ५०० रुपयांत उघडते. आधार कार्डावर पत्ता झारखंडचा आहे म्हणून अडायचे कारण नाही. सध्याचा पत्ता वेगळा असल्यास ग्राहकाने स्वतः लिहून दिलेले निवेदन बँकेने स्वीकारावे, अशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तरतूद आहे. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसले तर शांतपणे शाखाधिकाऱ्याला भेटा. पगार थेट त्या खात्यात जमा होऊ लागला तर तो तिला मिळाल्याची नोंदही आपोआप राहील, आणि पैशाविषयी पुढे कोणी शंका काढली तर दाखवायला काहीतरी असेल. गुणपत्रिकांचे फोटो तिच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि ईमेलवर असू द्यावेत. मूळ कागद कोणाकडेही, तुमच्याकडेसुद्धा, गरजेपेक्षा जास्त काळ असू नयेत. हे सगळे तुम्ही तिच्या वतीने करू नका; एका शनिवारी सकाळी तिच्यासोबत रांगेत उभ्या राहा, एवढेच. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार मात्र सोडून, त्या दिवशी बँका बंद असतात.

बोलता बोलता तिने असे काही सांगितले की पगार महिनोन्‌महिने अडवून ठेवला आहे, कागदपत्रे हिसकावून घेतली आहेत, बाहेर पडू देत नाहीत किंवा मारहाण होते, तर मग हे दोन मैत्रिणींनी निभावण्याचे काम उरत नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर किंवा जिल्हा न्यायालयातल्या कार्यालयात त्यासाठी विचारता येते. पण तिने सांगितल्याशिवाय हे गृहीत धरू नका, आणि त्या वृद्ध बाईंच्या घरी परस्पर जाऊन जाब तर मुळीच विचारू नका. त्या बाई तिच्याशी प्रेमाने वागत असतील, अशी शक्यताही मी सोडलेली नाही.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत अवघड वाटलेले वाक्य "आम्ही दोघीही इथे भायल्या" हे आहे. १२ वर्षांनंतरही शेजारणी तुम्हाला "घाटावयली" म्हणतात, तुमच्या बोलण्यातला "लई" ऐकून हसतात, चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधताना तुम्हाला फळे पुसायला बसवतात आणि बांधायला बोलावत नाहीत. हे टोचते, आणि टोचावेच. तरीही तुम्ही आणि ती एकाच अर्थाने परक्या नाही. तुमचे नाव इथल्या रेशन कार्डावर आणि मतदारयादीत आहे, रात्री ताप आला तर औषध आणणारे कोणीतरी घरात आहे, भांडण झाले तरी दार लावून घ्यायला खोली आहे. तिच्याकडे या नदीच्या अलीकडे-पलीकडे स्वतःचे म्हणावे असे जे काही होते ते एका पिशवीत मावले, आणि ती पिशवी आता तुमच्याकडे आहे. फेरीच्या कठड्याशी तुम्ही बरोबरीच्या असता, पण तिथून उतरल्यावर पारडे तुमच्याकडे झुकते. हे लक्षात असले की तुमच्या हातून आपोआप अधिक सावधपणे वागले जाईल.

परक्या ठिकाणी गेलेल्या माणसाची पेटी कोठे ठेवायची, हा प्रश्न गोव्याला काही नवा नाही. आपली माणसे जहाजावर आणि मुंबईत नोकरीला जात, तेव्हा धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या कूड (एका गावच्या माणसांची सामायिक राहण्याची जागा) होत्या आणि त्यांतल्या काही आजही आहेत. भिंतीला लावून ओळीने पेट्या, मध्ये निजायला चटई, कोपऱ्यात गावच्या संताचे आल्तार (वेदी) आणि संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना). खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर असे आणि त्याची पेटी तिथे असे. ती पेटी कोणा एकाच्या उपकारावर नव्हती, ती नेमाने ठेवलेली होती आणि पेटी कोणाची हे सगळ्यांना माहीत होते. तुमच्या तांदळाच्या डब्यामागे जे नाही ते हेच आहे. आज झारखंड, ओडिशा, कर्नाटकातून इथे येणाऱ्या मुलींसाठी आपण असे काही उभे केले आहे का, हा प्रश्न तुमच्या पत्राबाहेरचा आहे आणि तो मी स्वतःलाही विचारत असतो. या ओळी वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या कपाटात कोणाची तरी पिशवी, पाकीट किंवा चावी अशीच ठेवलेली आहे, त्यांनी आजच तीवर एक चिठ्ठी बांधावी आणि ती कोणाची व कोणाला द्यायची हे लिहावे.

पतीला सांगावे का? सांगावे. तुम्हाला वाटेल की हा पुरुषांची बाजू घेतो आहे, तसे नाही. तुमच्याच वर्णनाप्रमाणे ते संशयी कमी आणि घाबरट जास्त आहेत. ही गोष्ट त्यांना तुमच्याकडून कळली तर दोन दिवस कुरकुर होईल. दुसऱ्याकडून कळली तर पिशवीपेक्षा लपवाछपवीवरच वाद होईल आणि त्यात तिचे नाव खराब होईल. पण आपले सांगायचे किती आणि तिचे किती, यात फरक करा. "माझ्या एका मैत्रिणीची ठेव घरात आहे, यादी केलेली आहे, ठरल्या तारखेला परत जाणार आहे," एवढे तुमच्या घराशी संबंधित आहे. ती कोठे जाणार, हे कळलेच तर ते तिचे आहे आणि ते तुम्ही कोणालाही सांगण्याचे कारण नाही. आणि सांगताना "मैत्रीण" हा शब्द वापरा. तो तुम्ही पत्रभर टाळला आहे. तुम्ही तिला "ती मुलगी" म्हटले आहे.

आता तुमच्याविषयी. मला अशी शंका आहे की तिच्या जाण्याकडे तुम्ही जे डोळे लावून बसला आहात, त्यात काळजी जितकी आहे तितकेच दुसरेही काहीतरी आहे. ती निघाली, पोहोचली आणि तिचे काही वाईट झाले नाही, तर असे निघता येते हे तुम्हाला पाहायचे आहे. तुमच्या वाटेची चाचणी तिने करून द्यावी, असे ओझे नकळत तुम्ही एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीवर टाकता आहात. तिला ते माहीतही नाही.

आणि जायचे म्हणजे कोठे? तुम्ही पत्रात "सुटका" हा शब्द सहा वेळा लिहिला आहे आणि "स्वातंत्र्य" एकदाही नाही. गोव्यात राहणाऱ्यांना या दोहोंतला फरक ठाऊक असायला हवा. १९ डिसेंबर १९६१ ला आपण मुक्ती दिन म्हणतो. पण महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे हे ठरवायला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल लागला (त्याच्या निकालावर आपल्या मराठी वाचकांत अजूनही दोन मते आहेत, ते असो) आणि स्वतःचे राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडले. सुटकेला तारीख असते. नंतरचे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्यात बराचसा भाग कंटाळवाण्या कागदपत्रांचा असतो.

तुमची सुटका नेमकी कशातून, हे तुम्ही कोठेच लिहिलेले नाही. मारहाण नाही, नोकरीला आडकाठी नाही, पगार मात्र सासऱ्यांच्या हाती द्यावा लागतो आणि "माझ्या नावावर काही नाही" अशी खंत आहे. पुन्हा पुन्हा येणारी इच्छा एकच आहे: "एकदा तरी कोणाला न सांगता बसमध्ये बसून कुठेतरी जावे." ताई, ही इच्छा पुरी करायला घर सोडावे लागत नाही. पगाराचा ठरावीक भाग या महिन्यापासून स्वतःच्या खात्यात ठेवा आणि तसे घरात उघडपणे सांगा. हे भांडण होणार आहे, पण ते करण्यासारखे आहे. "नावावर काही नाही" हेही तपासून पाहा. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर साधारणपणे पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो आणि पत्नीच्या संमतीशिवाय पतीला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. सासऱ्यांचे घर आज तुमचे नाही, पण उद्या जे पतीच्या वाट्याला येईल त्यात घाटावयलीचाही हिस्सा असू शकतो. तुमच्या लग्नाची नोंद कोठे झाली यावर बरेच अवलंबून आहे, म्हणून तो दाखला शोधा आणि वर सांगितलेल्या मोफत विधी सेवेकडे तो घेऊन जा. ती सेवा तुमच्यासाठीही आहे.

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी खरोखरच बसमध्ये बसा. पणजीच्या कदंब स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पाटो भागात, मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ सालची. तिथे मराठी पुस्तकांचे मोठे दालन आहे, आत बसून वाचायला कोणी पैसे घेत नाही आणि तुम्ही कोण, कुठल्या, इतका वेळ का बसला आहात असे कोणी विचारत नाही. त्या मुलीला कधी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली तर तिलाही घेऊन जा. जिथे न बोलणे हाच नियम आहे अशी जागा तुम्हा दोघींना मानवेल.

ती गेली तर तुमचे काय, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. काही दिवस तुम्हाला एक पोय एकटीने संपवणे जड जाईल. तिचे नाव आणि तिचा क्रमांक तुमच्याकडे असेल तर निदान ती पोहोचली का हे कळेल. नाही तर दर संध्याकाळी तुम्ही फेरीवर चढणाऱ्यांचे चेहरे पाहत राहाल, आणि ते वर्षभर चालेल. म्हणूनही नाव विचारा, मोबाइल क्रमांकाची देवघेव करा. पुढे फोन करायचा की नाही हे तिच्यावर सोडा.

चवथ अजून थोडी दूर आहे, असे मानून हे पुढे ढकलू नका. घरोघरी साफसफाईला गणपतीच्या पंधरवडाभर आधीच सुरुवात होते, आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणे तुमच्या घरी स्वयंपाकघरातले डबे उतरवून घासायचे काम सासूबाई स्वतः करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. तांदळाचा डबा त्या सर्वांत आधी उतरवतात.